वीतभर तुकडे

कापड मापताना आई उजव्या हाताचा अंगठा काठावर टेकवायची, पंजा ताणायची आणि करंगळीच्या नखाने दाबून खूण करायची. खूण म्हणजे एक बारीक सुरकुती. जुन्या लुगड्यावर ती फार वेळ टिकत नसे. हात उचलला की कापड हळूहळू सपाट होऊ लागे. म्हणून आई लगेच कात्री चालवायची. मग तोच तुकडा आडवा धरून पुन्हा वीत. माझ्या टेबलावर फूटपट्टी असे, पण ती तिने कधी मागितली नाही.

आम्ही दोघीच नालवाडीला राहत होतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि लग्न केलं नव्हतं. ही गोधडी आई माझ्यासाठी शिवत होती. तिच्यात आईची लुगडी होती, वडिलांचं एक धोतर होतं आणि माझा बी.एस्सी.चा पांढरा कोट होता. कोटावर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते. तेवढा भाग टाकून दे म्हटलं, तर म्हणाली, "काऊन? थेच त शिकल्याची खूण हाये."

तिची रीत ठरलेली होती. प्रत्येक तुकडा वेगळा करायचा. खाली जुन्या कापडाचे थर, वर रंगीत तुकडा, काठापासून आत आत टाके. झाला की पेटीत. पेटीतला आधीचा काढून पाहायचा नाही. सगळे झाले की एक दिवस शेजारणींना बोलावून अंगणात जोडायचे. मी कॉलेजात शिकत असताना जाडजूड पुस्तक समोर घेऊन रडत बसले होते, तेव्हा तिने ते मिटून पुन्हा एकाच पानावर उघडून दिलं होतं. "पुरी गोधडी कायले पाह्यतं? हातातला तुकडा पाय." मी तशीच शिकले, आणि पुढे सगळंच तसं करत गेले.

मागच्या पावसाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. मी तिला म्हणाले, आता फक्त तपासणी. मग म्हणाले, आता फक्त ऑपरेशन. मग नागपूरला इंजेक्शनं घ्यायला जाऊ लागलो, तेव्हा म्हणाले, फक्त या सोमवारचं बघ. पहाटेच्या पॅसेंजरने जायचो, दवाखान्याच्या बाकावर ती टाके घालायची, संध्याकाळी परतायचो. तिचा उजवा हात खांद्यापासून सुजत गेला. बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. शिवण मात्र तिने सोडली नाही.

एकदा परतताना खिडकीकडे तोंड करून तिने विचारलं, "नलू, पुरं करू का व आता?"

"एवढा सोमवार होऊ दे," मी म्हणाले. "मग पाहू."

त्यानंतर पुष्कळ सोमवार झाले. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. आजार हाडांत उतरला होता. इंजेक्शनांचा आणखी एक कोर्स देता येईल, म्हणाले. त्रास बराच होईल, उपयोगाची खात्री नाही. घरी ठेवायचं असेल तर दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या लिहून देतो. मीच ठरवायचं होतं. मी म्हणाले, सोमवारी सांगते. बाहेर आल्यावर आईला सांगितलं, एक लहानसा कोर्स राहिलाय.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आईने गोधडी जोडायला काढली. शेजारच्या आनंदाबाई आल्या. त्या आणि आई एकाच साली लग्न होऊन नालवाडीत आल्या होत्या. समोरच्या घरातली भागाबाई सुया आणि दोरा घेऊन आली. अंगणात चटई पसरली. आई भिंतीला टेकून बसली आणि मी पेटीतून तुकडे देऊ लागले, वरचा पहिला.

आनंदाबाई ओळी लावत होत्या. प्रत्येक ओळीत तुकडे तेवढेच, तरी खालची ओळ वरच्या ओळीच्या बाहेर जात होती. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात कमरेवर ठेवले.

"देवका, हे काय केलं व? इकडून हत्ती झोपन, इकडून उंदीर."

"तू झोपजो मंग रुंद बाजूनं," आई म्हणाली. भागाबाई खो खो हसली.

पेटीच्या तळाचे तुकडे लागले तेव्हा कोणी हसत नव्हतं. गोधडी वरून खाली सावकाश, एकसारखी रुंद होत गेली होती.

"मावशी, कापताना फसलं का कुठं?" भागाबाईने विचारलं.

"एक बी अंदाजानं नाई कापला. सारे वितीनं मापले." आई सरकत पुढे आली. पेटीत अगदी वर असलेल्या तुकड्यावर तिने हात ठेवला. अंगठा या काठावर, करंगळी त्या काठावर, बरोबर बसला. मग ती दुसऱ्या टोकाला गेली आणि गोधडी शिवायला घेतली तेव्हाच्या पहिल्या तुकड्यावर तसाच हात ठेवला. करंगळी काठापासून दोन बोटं अलीकडेच राहिली. तिने पंजा ताणून पाहिला. सुजलेली बोटं उघडली नाहीत.

वर्गात मुलींना मी दरवर्षी शिकवते की मापायचं साधनच बदलत गेलं, तर ती चूक एकेका मापात दिसत नाही. सगळी मापं शेजारी मांडावी लागतात.

"त्यात काय व," आनंदाबाई घाईने म्हणाल्या. "वरच्या अंगाले पट्ट्या जोडू. चौकोनी होते."

मी उठलेच. आतून कात्री आणि कोटाचं उरलेलं कापड घेऊन आले. पहिल्या ओळीला किती रुंद पट्टी लागेल, ते मनात काढलं. तेवढी कापू, मग दुसरीचं बघू. कात्रीत कापड धरलं आणि समोर पाहिलं. ती आखूड बाजू, ते सगळे सोमवार, एकाच चटईवर पसरलेले होते.

आई गोधडीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"नलू," ती म्हणाली, "उद्या पहाटची गाडी हाये ना?"

मी कात्री खाली ठेवली. भागाबाईने सुईत ओवलेला दोरा तसाच हातात धरला होता.

"नाई आई," मी म्हणाले. "उद्या आपण नागपूरले नाई जात. आता कधीच नाई जात."