रूळ ठोकलेला पाट

टक्! सुपातून खडा उडून माझ्या अंगावर पडला आणि दुपारभर गप्प असलेलं घर दचकलं. मित्रांनो, भिंतीला टेकून उभा आहे ना, तो कडूनिंबाचा जुना पाट म्हणजे मी. हिंगोली स्टेशनामागच्या वस्तीत माझं घर.

मसाजी सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं. यशोदाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्या नवऱ्याचा, भुजंगचा, जेवायचा पाट. भुजंग रेल्वेचे रूळ दुरुस्त करी. लेकीला, सेवाला, आगगाडीचं वेड. त्याने ज्वारीच्या धांड्यांची गाडी केली. पण रूळ ठोकायचे कशावर? भुईवर केले तर सारवणात गाडले जात. आंब्याची फळी भुंग्याने पोखरलेली, बाभळीची उन्हात वाकलेली. मग त्याने मला बोटांनी वाजवून पाहिलं.

"कडूनिंब हाय. कीड लागत न्हाई."

"अवो, मंग तुमी जेवायला कशावर बसान?" यशोदाबाई हसली.

"भुईवर. गाडीपेक्षा मी मोठा हाय का?"

पत्र्याच्या पट्ट्या, बारीक खिळे. मला टोचलं, पण सेवा टाळ्या पिटत होती!

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात, निजामाच्या रझाकारांच्या धामधुमीत, भुजंग कामावर गेला तो परतलाच नाही. पुढे निजामाचं राज्य गेलं, बंद पडलेल्या गाड्या पुन्हा धावू लागल्या. धांड्यांची गाडी मात्र मोडून गेली, आणि माझ्यावर धूळ साचली. शिटी वाजली की यशोदाबाई दाराकडे बघते. मीही.

परवा भुजंगचा थोरला भाऊ संतराम आला. "किती वाट पाहाची? त्याच्या नावानं शेवटचं पान वाढू. त्याचाच पाट मांडू. पट्ट्या उपटून टाक."

यशोदाबाईने पट्टीखाली विळ्याचं टोक घातलं. एक खिळा वर आला. तिचा हात थांबला. तिने वरवंटा उचलला आणि खिळा परत ठोकून बसवला.

"भाऊजी, जित्या माणसाच्या नावानं पान न्हाई वाढत."

संतराम पागोटं उचलून निघून गेला.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू अडगळ वाटली, तर टाकण्याआधी एवढंच विचारा, की ही कोणासाठी ठेवली आहे?

आज यशोदाबाईने सूप बाजूला ठेवलं, मला पदराने पुसलं, भुईवर मांडलं. सेवाने स्वतः केलेली नवी धांड्याची गाडी आणली. गाडी खरखरत माझ्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

"माय, रूळ तर इथंच संपले. मंग बाबाची गाडी येईन कोठून?"