बिस्किटांच्या डब्यातली चिठ्ठी

शिंप्याला पालीची भीती वाटायची, लिफ्टची वाटायची आणि बायको हळू आवाजात बोलायला लागली की सगळ्यात जास्त वाटायची. अशा माणसाच्याच हाती ती चिठ्ठी यावी, यात देवाच्या मनात काय होतं ते देव जाणे!

दर रविवारी चर्चमधली उपासना संपली की पाळक बिस्किटांचा रिकामा डबा फिरवत. त्यात चिठ्ठ्या असत. कुणाकडची भांडी, कुणाचं अंथरूण, कुणाला दवाखान्यात नेणं. जी निघेल ती सेवा आठवडाभर करायची, बदलून मागायची नाही. शिंप्याची चिठ्ठी म्हणत होती, 'मागच्या गल्लीतले आजोबा. पायाला जखम. रोज पाय धुणे.'

हे आजोबा दोन वर्षांपूर्वी सुनेकडे राहायला आले, तेव्हापासून एक शब्द बोलले नव्हते. घरात येणारा प्रत्येक माणूस त्यांना चोर वाटे. आधी सेवेला गेलेल्या सुताराच्या डोक्यात त्यांनी तांब्या घातला होता आणि पेटी वाजवणाऱ्या ताईंच्या मनगटाला ते कडकडून चावले होते.

"नका जाऊ मग," बायको हळू आवाजात म्हणाली. "प्रभूने बारा जणांचे पाय धुतले, त्यात दगा देणाराही होता. पण तुमचं आपलं वेगळं, तुम्हाला तांब्याची भीती."

सोमवारी सकाळी तो निघाला. निघताना सवयीने कापड कापायची मोठी कात्री खिशात घातली. कापड सोडून दुसऱ्या कशाला लावली की त्या कात्रीची धार जाते, आणि बायको तर तिने दुधाच्या पिशव्या फोडायची. म्हणून कात्रीला तो घरी एकटं ठेवतच नसे.

सुनेने गरम पाण्याचं घमेलं भरून ठेवलं होतं. "ते बाहेर पळतात, दादा, म्हणून कुलूप लावून जाते. औषध घेऊन आलेच." दारात ती थबकली. "तुम्हीही सोडून गेलात तर कामावर जाताना मला त्यांना खाटेला बांधावं लागेल. दुसरं काही सुचत नाही हो."

कुलूप बाहेरून खटकन लागलं. आत तो आणि आजोबा.

आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. शिंपी गुडघ्यांवर बसला. कात्री मांडीला टोचली म्हणून त्याने ती काढून शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि डावा पाय पाण्यात घेतला. जखम बघून तो क्षणभर भीती विसरला. हळूहळू बोटं धुतली, टाच पुसली. उजवा पाय हातात घेतला आणि डोक्यावर पाती उघडल्याचा आवाज आला. आपल्या कात्रीचा आवाज शिंपी झोपेतही ओळखतो.

मानेला गार लोखंड टेकलं.

ओरडावं, तर कुलूप बाहेरून. म्हाताऱ्याचं मनगट धरून पिरगाळावं, एवढी ताकद त्याच्यात होती. पण मग उद्यापासून दोरी ठरलेली. प्रार्थना करावी, तर एक धड वाक्य आठवेना. "प्रभू, प्रभू," एवढंच तो पुटपुटत राहिला.

तेवढ्यात दोन बोटं त्याच्या डोक्यावर आली आणि त्यांनी डोकं हलकेच खाली दाबलं. कर्रकन आवाज झाला. घमेल्यात केसांची बट पडली.

केस कापायला बसलेल्या प्रत्येकाला ते दाबणं ठाऊक असतं. म्हातारा न्हावी होता! दोन वर्षं सगळ्या मंडळीला त्याचे दात माहीत होते, धंदा कुणी विचारलाच नव्हता.

"आजोबा, कान..." शिंप्याने मान किंचित वळवली.

"हलू नका," वरून खरखरीत आवाज आला. "हललं की लागतं."

भीती गेली नव्हती. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, टोक कानाला घासून जात होतं, आणि केस चावून चावून कात्रीचं वाटोळं होताना त्याला ऐकू येत होतं. त्याने मान आणखी खाली घातली आणि उजवा पाय धुवत राहिला. डोळ्यांतून पाणी का येतंय ते त्याला कळेना.

कुलूप उघडलं. सून आत आली आणि किंचाळली. औषधाची बाटली तिच्या हातातून पडली.

"ओरडू नका, ताई," शिंपी मान न उचलता कुजबुजला. "डावी बाजू राहिलीय अजून."