वैजूच्या वाट्याची गोळी

शेषेरावांना नुसत्या शेणावरून जनावराची तब्येत ओळखता यायची, आणि ओळखल्यावर ती चार लोकांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. देवणीच्या आसपास त्यांच्या वासरांना नाव होतं. भोकरकडचं गिऱ्हाईकसुद्धा बघून जाई. यंदाच्या पशुप्रदर्शनासाठी त्यांचं लाडकं वासरू सुलतान तयार होत होतं. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं. त्याचा खुराक, खरारा, जंताचं औषध, सगळं वेळच्या वेळी. घरातल्या माणसांचं आपापलं चाललेलं असे.

नातू वैजू चार वर्षांचा. हातपाय काटकुळे, पोट मात्र गरगरीत. ते पोट शेषेराव आल्यागेल्याला दाखवत आणि "माझ्यावर गेलंय" म्हणून स्वतःच्या पोटावरून हात फिरवत. सून आरती एकदा म्हणाली, "मामा, हातापायावर मास न्हाई, अन् पोटच तेवढं कसं वाढून राहिलं?"

"खानदानी पोट हाय ते. तुमच्या माहेरी नसंल कुणाला."

अंगणवाडीच्या चांगुणाताई वर्षातून दोन खेपा जंताची गोळी घेऊन दारी येत. पोरानं ती त्यांच्यासमोर चावून खायची, असा नियम. पण शेषेरावांच्या ओसरीवर चहा व्हायचा आणि चहाबरोबर नियमही जरा मऊ पडायचा. "पोरगं झोपलंय, ताई. ठिवा माझ्यापाशी. उठलं की देतो."

ताईंची पाठ फिरली की गोळी कुटून गुळात मिसळायची आणि गोठ्यातल्या लाडक्या वासराच्या जिभेवर जायची. औषध तेच, नाव त्यांनी वासराच्या औषधाच्या बाटलीशी ताडून पाहिलं होतं. वासरांना जंत होतात हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. शेषेरावांच्या नातवाला कशाला होतील? शिवाय औषध वाया जात नव्हतं. हा व्यवहार त्यांना इतका चोख वाटायचा की घरात कुणाला सांगायची गरजच भासली नाही.

पोळा झाला आणि वैजूचं पोट दुखायला लागलं. आजी तुळजाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पोट ढोलकीसारखं ताठ. शौच बंद, वाराही सरेना, आणि ओकारीतून हिरवं पाणी पडायला लागलं. शेषेराव एरंडेलाची बाटली घेऊन आले. "सरकी पेंड जास्त झाली की सुलतानला हेच करतो. सकाळपर्यंत मोकळा."

आरतीनं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. सासऱ्याच्या हातातली वस्तू घेण्याची तिची ही पहिलीच वेळ. "मामा, पोरगं पाणी ठिवून घेईना, अन् तुम्ही एरंडेल पाजून राहिले." मग नवऱ्याला म्हणाली, "जीप काढा. लातूरला जायचं."

दवाखान्यात डॉक्टर बुद्धप्रिया म्हणून होत्या. किनवटकडच्या, वयानं लहान. शेषेरावांनी त्यांना एकदा न्याहाळलं आणि यांना आपणच समजावून सांगावं लागणार, असं मनाशी ठरवलं. बाईंनी मात्र त्यांच्याकडं न बघता वैजूच्या पोटावर हात ठेवला आणि बेंबीच्या बाजूला मळलेल्या कणकेसारखं काही लागलं तिथं थांबल्या.

"आतड्याची वाट अडलीय. जुलाबाच्या साथीनंतर लहान पोरांचं आतडं कधी आतड्यातच शिरतं. कधी टीबी असतो, कधी जंतांचा गोळा. जंताची गोळी दिली होती का?"

"हाव," आरती म्हणाली. "पोळ्याच्या आधीच. मामांनी सवता दिली."

"मग जंतांचा संशय जरा मागं ठेवू. सोनोग्राफी करू, पण ऑपरेशनची तयारी ठेवा. सही वडील करतील ना?"

वैजूचा बाप बालाजी सहीसाठी खिशात पेन शोधायला लागला. शेषेरावांच्या डोक्यात तराजू हलला. एका पारड्यात बायको, सून, पोरगा आणि परत गेल्यावरचा गाव. दुसऱ्यात एवढंसं पोर, त्याला आता विव्हळायचाही कंटाळा आला होता. तराजू कुठं झुकतोय ते त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी जरा लांबची वाट धरली.

"मॅडम, आमच्याकडं वासराचं असं होतं. पोट फुगतं, शेण बंद, पाठ वाकवून उभं ऱ्हातं."

"मग वासराला काय झालेलं असतं, आजोबा?"

"जंत. आंधळा बी सांगंल."

"त्याला औषध देता ना?"

"वेळच्या वेळी." शेषेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैजूचं बी त्यालाच दिलं."

बालाजीचं पेन सापडलं होतं, ते त्यानं परत खिशात ठेवलं आणि भिंतीवरचा गरोदर बायकांच्या आहाराचा तक्ता वाचायला लागला. आरतीनं वैजूचा हात आपल्या हातात घेतला. तुळजाबाई सावकाश म्हणाल्या, "तरीच सुलतान इतका चमकून राहिला."

सोनोग्राफीच्या पडद्यावर शेवयांसारखा गुंता दिसला. शेषेरावांनी तो ओळखला; तो कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. नाकात नळी, हाताला सलाईन, तोंडानं पाण्याचा थेंबही नाही.

"आता तरी द्या की गोळी," ते काकुळतीला आले. "दोन द्या."

"आता दिली तर ते बिथरून आणखी घट्ट गुंततील. एरंडेल पाजलं असतं तर आतडं फाटायचीही भीती होती. आधी वाट मोकळी होऊ द्या. झाली तर ऑपरेशन टळेल."

शेषेरावांनी सुनेकडं पाहिलं. सून सलाईनच्या बाटलीकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली. सिस्टरनं भांडं दाखवायला घरच्यांना हाक मारली, तसे शेषेराव सवयीनं पुढं झाले. बराच वेळ बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्यावर काही मत दिलं नाही.

मग वैजूची गोळी झाली, स्वतः आरतीच्या हातानं, तिच्या डोळ्यांसमोर. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, जंतांची अंडी मातीतून येतात. पोरं बांधाला बसतात, तीच माती हाताला लागते, हातातून पोटात जाते. साबण ठेवा, संडास वापरा, आणि गोळी घरातल्या सगळ्यांनी घ्या.

घरी आल्यावर आरतीनं गोळ्या वाटल्या. सगळ्यांनी चावून खाल्ल्या. शेषेरावांनी आपली मुठीत धरली. "ठिवतो. जेवण झालं की घेतो."

गोठ्यातून सुलताननं मान वर केली. आरतीनं सासूकडं पाहिलं. तुळजाबाई उठल्या. पन्नास वासरांना औषध पाजताना शेषेराव जबडा कसा धरतात ते त्यांनी जन्मभर बघितलं होतं. एक हात त्यांनी नवऱ्याच्या हनुवटीखाली घातला.

"आगं, माझ्या पोटात न्हाईत."

"वासराला इचारता का तुम्ही कधी? आ करा."