मावशींच्या कपाळाची चाकरी

"डोळे मीट. दुखतंय कुठे ते बोटानं दाखव, तोंडानं नको सांगूस. बोललं की आणखी ठणकतं."

मित्रांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. मी एक जुनी बामची डबी आहे, पत्र्याची, झाकणावरचं चित्र पुसून गेलेली. आवाज एका आईचा होता आणि मिटलेले डोळे तिच्या लेकीचे. माझ्या पोटातला बाम संपला की मोठ्या बाटलीतून मला पुन्हा भरत. लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या शिलाई मशीनच्या खणात बसून मीही निघाले.

तेव्हाची डोकेदुखीसुद्धा मानी होती. उन्हातून यायची, उपाशीपोटी यायची, रडून रडून यायची. तिच्या येण्याला कारण असे आणि जाण्याला वाट. मी कपाळावर गार गार पसरायची, आणि घटकाभरात मशीन पुन्हा गाऊ लागायचं. "या डबीला गुण आहे हो," लेक म्हणायची. आता सगळी गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणतात.

मग घरात फोन आला. अंगानं एवढासा, बडबड अख्ख्या बाजाराची! मला त्याचा तिटकारा आहे आणि तो मी लपवत नाही. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, मावशी टेप लावायच्या, दोन प्रश्न विचारायच्या, झालं. आता ब्लाउजच्या एका गळ्यासाठी फोटोंचा ढीग. 'असा हवा, पण अगदी असा नको.' तो ढीग उपसता उपसता मावशींच्या भुवया आखडतात, डोळे चुरचुरतात, कानशिलं उडू लागतात.

त्यात काका, म्हणजे मावशींचे यजमान. नोकरीतून निवृत्त झाले आणि पलीकडच्या खोलीत फोन घेऊन बसले. मध्ये एक भिंत, तरी बायकोला निरोप फोनवरून! उगवता सूर्य, हसरं बाळ, आणि वर डोकं दुखू नये म्हणून काय करावं याचे लांबलचक व्हिडिओ. ते बघून डोकं दुखवून घ्यायचं! इतका मूर्खपणा माझ्या पत्र्यालाही सुचला नसता.

"बघितलंस का गं?" काका पलीकडून ओरडत.

"बघते."

"बघते काय! अजून उघडलेला दिसत नाही."

"हातात कात्री आहे माझ्या. आता पायानं उघडू का?"

तरी त्या उघडायच्याच. बाम लावलेलं बोट तसंच काचेवर. कपाळापेक्षा त्या काचेलाच मी जास्त लागू लागले. तिला कुठलं आलंय डोकं!

एकदा एका वकीलबाईंनी कोटासाठी फोटो पाठवला, आरशासमोर काढलेला. अशा फोटोत डावं ते उजवं दिसतं, हे मावशींना पक्कं ठाऊक. असा फोटो आला की त्या फोन आरशासमोर धरत, आरशात बघत आणि मगच कापडावर खडू ओढत. पण त्या दिवशी कपाळ फुटत होतं, काकांच्या निरोपांनी फोन सारखा थरथरत होता. आरसा राहून गेला. कोटाचा पुढचा तिरका पदर भलत्याच बाजूला कापला गेला.

वकीलबाईंनी कोट अंगात घातला. "मावशी, हा उलटा झाला हो. आणि हे कापड आता कुठेच मिळायचं नाही." एवढंच बोलून त्या गेल्या. चार शिव्या देत्या तर बरं झालं असतं.

मावशींनी मशीनवर चादर टाकली. "विकून टाका हे," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. "या डोक्यानं आता कात्री धरवत नाही."

मित्रांनो, मला चोळायच्या आधी तो फोन पालथा घाला. दूरच्या झाडाकडे बघा, डोळे मिटा, जवळच्या माणसाशी तोंडानं बोला. एका हातानं जखम करायची आणि दुसऱ्या हातानं मला लावायचं, असली चाकरी मी करणार नाही. मी डबी आहे, जादूगारीण नाही.

भिंतीपलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काका दारात येऊन उभे राहिले, रिकाम्या हातांनी.

"मशीन नको विकूस," ते म्हणाले. "चुकलं माझं. तिकडे मला एकट्याला बसवत नाही गं. तू कामात, उगाच येऊन बसलो तर म्हणशील, म्हातारा लुडबुड करतो. म्हणून पाठवत होतो काहीबाही. त्या व्हिडिओंतला एकही मी स्वतः बघितलेला नाही. मला नुसतं तुझ्याजवळ बसायचं होतं."