कुंडापुढे शून्य

फलाहने वही उघडून पुढ्यात धरली, तेव्हा मुझना आत्या तंबूच्या सावलीत बसून कातडी पिशवीत ताक घुसळत होती. आत्याला अक्षरं लागत नसत, आकडे मात्र लागत. तिने हात पुसले आणि वहीवरून बोट फिरवलं.

"माणसं किती?"

"सहा अम्मानची, सातवा मी. तीन दिवसांची चाल. पहिल्या दुपारी धोंड्यांच्या अडसरापर्यंत गाढवं पाणी वाहतील. पुढे घळ अरुंद, तिथून पाठीवर माणशी चार लिटर. दुसऱ्या दुपारी मोठ्या कुंडावर भरून घेतलं, की तिसऱ्या दुपारी पलीकडच्या गावात."

"कुंड तू कधी बघितलंस?"

"तीन आठवडे झाले. काठोकाठ होतं."

"त्यानंतर चार दिवस गरम वारा सुटला होता. आणि हल्ली संध्याकाळचे पारवे पाण्याला तिकडे जाताना दिसत नाहीत." आत्याने कुंडाच्या आकड्यावर बोट टेकवलं. "इथं शून्य मांड."

फलाह चाळिशीचा. शहरात जाऊन वाटाड्याचा परवाना काढलेला, नकाशे तोंडपाठ. त्याला ते लागलं.

"आत्या, बारा वर्षं मी माणसं नेतोय. एप्रिलात ते कुंड कधी आटलं नाही."

"नसेल आटलं तर पाय धुवा त्यात. पण हिशेबात धरू नकोस."

तरी त्याने शून्य मांडलं. त्या एका शून्याने सगळं गणित हललं. पाठीवर माणशी सहा लिटर झाले. शिवाय पठारावरून कड्यातली एक उभी, चिंचोळी नाळ घळीत उतरते, दुसऱ्या मुक्कामाच्या जागीच. तिच्या पायथ्याच्या कपारीत वीस-वीस लिटरचे दोन कॅन आधीच ठेवायचे ठरले.

आत्याचं एवढ्यानं भागलं नाही. "घाम कुणाला जास्त येतो? औषधं कोण घेतं?"

"ते मी कसं सांगू?"

"मग पाणी कसं मोजलंस?"

त्या संध्याकाळी फलाहने सहाही जणांना फोन लावले. लमीस नावाच्या शिक्षिकाबाई रक्तदाबाच्या गोळ्या घेत होत्या, लघवी वाढवणाऱ्या. आत्याने त्यांच्या नावावर एक लिटर जास्त धरायला लावला. निघायच्या दोन दिवस आधी आत्या-भाच्यांनी गाढवावर कॅन घालून पठार गाठलं आणि दोराने ते खाली सोडून, नाळेने उतरून कपारीत नीट बसवले.

पहिल्या दिवशी अडसराशी गाढवं परत फिरली आणि पाठीवर ओझी आली. बँकेतले अधिकारी निझार यांनी पिशवी उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"सहा लिटर? मी काय उंट आहे?"

"उंट असता, उस्ताद निझार, तर एकही दिला नसता," फलाह म्हणाला. सगळे हसले. निझारही हसले, पण चालताना कुरकुरत राहिले.

दुसऱ्या दुपारी मोठं वळण घेतलं आणि कुंड आलं. तळाला चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पांढरी रेघ होती, पाणी कुठवर होतं ते सांगणारी.

"हेच का ते?" निझारनी विचारलं.

"हेच."

फलाहने मनात आकडे जुळवले. त्याच्या मूळ हिशेबाने चालले असते, तर एव्हाना साती जणांच्या बाटल्या कोरड्या असत्या, आणि पुढे-मागे दोन्हीकडे दिवसभराच्या चालीची तापलेली घळ. आता माणशी दोन लिटर शिल्लक होते. त्याने सगळ्यांना कड्याच्या सावलीत बसवलं, उन्हं कलेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. निझारनी न सांगता आपली बाटली जपून मांडीत धरली.

संध्याकाळी नाळेचा पायथा दिसला, तसा धूरही दिसला. शेकोटीपाशी आत्या बसली होती. राखेत भाकरी भाजत होती. शेजारी एक मोठा कॅन आणि दोन लहान. तिची नडगी सोललेली होती.

"आत्या, तू इथं कशी?"

"वरून बघायला आले सकाळी. ठेवलेलं पाणी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. रानबकऱ्यांनी वरून दगड ढकलला असणार, एक कॅन फुटून पडला होता."

"मग हे?"

"पठारावरच्या टाक्यातनं आणलं. दोर तुझ्याकडे, म्हणून दहा-दहाचे दोन करून पाठीवरून उतरवले. दोन खेपा झाल्या."

टाकं तिथून दोन तासांवर होतं आणि नाळेत धड पाय ठेवायला जागा नव्हती. फलाहने वर पाहिलं, मग आत्याच्या नडगीकडे.

"उभा काय राहिलास? प्यायला दे त्यांना. घोटघोट, गटागटा नको." मग ती निझारकडे वळली. "तुमची लघवी कोणत्या रंगाची होतेय?"

निझारनी लमीसबाईंकडे पाहिलं. "हज्जा," वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात तसं ते म्हणाले, "इथं, सगळ्यांसमोर?"

"मला काय करायचंय समोर नि मागं. चहासारखी असेल तर आधी तुम्ही प्या."

"चहासारखीच आहे," निझार हळूच म्हणाले. लमीसबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. आत्याने लगेच त्यांचा प्याला भरला, आणि निझारनी तो दोन्ही हातांनी घेतला.

सकाळी सगळ्यांच्या बाटल्या भरून झाल्यावर आत्याने रिकामे कॅन एकत्र बांधले. फुटक्या कॅनचे तुकडेसुद्धा वेचून घेतले.

"हज्जा, आमच्याबरोबर गावापर्यंत चला," लमीसबाई म्हणाल्या.

"शेळ्यांना पाणी कोण पाजणार?"

निझार पुढे झाले. "मग ते वरपर्यंत मी पोचवतो."

"तुम्हाला खाली जायचंय. दम राखून ठेवा." ती पाठमोरी झाली आणि नाळ चढू लागली. हाताने दगड चाचपायचा, जोर लावून बघायचा, मगच पाय उचलायचा. एकदाही थांबली नाही, एकदाही घाई केली नाही.

"वय किती असेल?" लमीसबाईंनी विचारलं.

"अडुसष्ट. दुष्काळाच्या वर्षात जन्मली म्हणतात," फलाह म्हणाला.

ती माथ्यावरून पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत सातही जण खाली उभे होते. मग निझारनी आपली पिशवी पाठीवर चढवली, आणि लमीसबाईंची मागून घेतली.