नाव नसलेला परिच्छेद

नंदकुमार साहेबांचा फोन आला तेव्हा मी चिऊला वरणभात भरवत होते. साहेब मंत्रालयात कक्ष अधिकारी. पाळणाघरांच्या नव्या नियमांचा मसुदा त्यांच्याच टेबलावर तयार होत होता.

"मॅडम, तुमचा तो परिच्छेद टाकतो मसुद्यात. वर्ड फाईल पाठवा. पण संस्थेचं लेटरहेड नको, तुमचं नावही नको."

"माझा लेख येतोय सर एका संशोधन-पत्रिकेच्या पुढच्या अंकात. त्यात तोच परिच्छेद आहे."

"आधी छापून आला तर इथं म्हणतील, ही एनजीओची मागणी. मागणीवर 'तपासून पाहू' असा शेरा पडतो. विभागानं स्वतः लिहिलेलं कुणी तपासत नाही. बघा बुवा."

चिऊनं तेवढ्यात भाताचा हात माझ्या केसांना पुसला.

परिच्छेद साधा होता. तळोज्याच्या कारखान्यांत बहुतेक बायका कंत्राटदाराकडून येतात. कंपनी त्यांना आपल्यात धरत नाही, म्हणून पाळणाघर द्यावं लागेल इतक्या बायका कागदावर कुठंच नसतात. मी लिहिलं होतं, कंत्राटी बायकाही मोजा आणि शेजारच्या कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवा. हे अभ्यासाचं काम चिऊ पोटात नव्हती तेव्हा सुरू केलं आणि तिला कडेवर घेऊन संपवलं. गोळ्यांच्या पॅकिंगला जाणारी मोनाली तेव्हा भेटली. तिची मुलगी शेजारणीकडे असायची. शेजारीण गावी गेली की मोनालीचा खाडा.

पण लेख मला हवा होता. संस्थेतला माझा प्रकल्प संपला होता, आणि एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. मुलाखतीत ताजा लेख विचारणारच.

सासूबाईंनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. आमच्या कोपरखैरण्याच्या घरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत आपसूक पोचतं.

"धुरात फिरलीस तू, आणि नाव त्या साहेबाचं?"

"त्याचंही नाही हो आई. शासनाचं."

"म्हणजे बाळंतपण तुझं आणि बारसं सरकारच्या घरी!" त्यांनी चिऊचं तोंड पदरानं पुसलं. "पाठवू नकोस. तुझी नोकरी बघ आधी."

माझा नवरा आशुतोष ऐरोलीच्या ऑफिसातून आला तर त्याचं वेगळंच. "आम्ही रोज क्लायंटच्या नावानंच लिहितो. पण आम्हाला पगार मिळतो गं."

"मग काय करू?"

"मी कशाला सांगू? नंतर दहा वर्षं ऐकवशील."

दुसऱ्या दिवशी चिऊ दुपारची झोपली. ती झोपेत ओठ हलवते, दूध पीत असल्यासारखी. ते बघत बसले थोडा वेळ. घरात आजी आहे, म्हणून ही अशी निवांत झोपते. मोनालीची मुलगी आत्ता कुणाकडे असेल, कोण जाणे. मी दोन मेल लिहिल्या. एक नंदकुमार साहेबांना, बिननावाच्या फाईलसह. दुसरी संपादकांना, माझा लेख थांबवा म्हणून.

मुलाखतीत अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "अलीकडे काही प्रकाशित?"

"नाही सर."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

मसुदा अजून बाहेर पडला नव्हता. "तळोज्यात अभ्यास केला," एवढंच म्हणाले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या आवडीचा शिरा केला, ते मला जास्त लागलं.

मसुदा उन्हाळ्यात जाहीर झाला. मी चिऊला मांडीवर घेऊन मोबाईलवर उघडला. परिच्छेद जागच्या जागी होता, माझ्याच वाक्यांत. मी आनंदानं आईंना हाक मारणार, तेवढ्यात दिसलं की 'पाळणाघर चालवावे' याच्या आधी एक शब्द घुसलाय. शक्यतो.

फोन लावला. "सर, 'शक्यतो' कुणी घातलं?"

"वरून आलं, मॅडम. शक्यतो म्हटलं की कुणीच करणार नाही, मलाही कळतं. पण आता मसुदा लोकांपुढं आहे. हरकत पाठवा ना."

"माझी चालेल?"

"न चालायला काय? फक्त नाव, पत्ता, सही सगळं घाला. निनावी हरकत आम्ही घेत नाही."

मला हसूच आलं. साहेबही हसले बहुतेक, किंवा खोकले.

मी हरकत लिहायला बसले, तर चिऊ लॅपटॉपची बटणं दाबायला धडपडत होती. आईंनी तिला उचललं. "चल गं, तुझ्या आईला भांडू दे."

मी सगळ्यात वर माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'शक्यतो' हा शब्द वगळावा, आणि का ते. मग मोनालीला फोन केला, तिच्या सुट्टीचा वार विचारायला. सही करणाऱ्या बायका अजून हव्या होत्या.