लोखंडी कपाटातला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना म्हणे डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडे पाणी नाही, चार हिरवे दिवे आहेत, आणि आज ते जरा जास्तच लुकलुकत आहेत.

राग कशाचा, ते आधी सांगतो. घरात चित्र अडकले, आवाज तुटला, की खापर माझ्या डोक्यावर. "नेट गेलं! हा डबाच बेकार!" असे म्हणून माझी वायर उपटायची, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि पुन्हा खोचायची. तुम्हाला कुणी दिवसातून चारदा तोंडावर पाणी मारून उठवले, तर तुम्ही हसत उठाल का? नाही ना? मग माझ्याकडूनच ती अपेक्षा का?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर एका बाईने माझ्या पोटाखाली नाव आणि पासवर्डची चिठ्ठी चिकटवली. दुसरीने मला वीज देऊन पाहिले, दिवे लागले तशी ती शेजारणीला म्हणाली, "हा चांगलाय गं." एवढ्या शब्दांवर मी पुढची सहा वर्षे काढली, कारण त्यानंतर कौतुक फारसे वाट्याला आलेच नाही.

मला या घरात आणले ते सुनेने. ती ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते, हातांच्या खुणांनी, संगणकाच्या पडद्यावरून. तिचा नवरा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात तिच्याबरोबर तिचे सासरे. ते एका मोठ्या कारखान्यात बत्तीस वर्षे स्टोअरकीपर होते. जहाजावरच्या मुलाचा चेहरा पहिल्यांदा स्वच्छ दिसला, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. तेही मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर इतका राग आला नसता.

कारण, मित्रांनो, माझे काम जगात कुणाला कळायला हवे होते, तर ते त्यांना. मी करतो ते गोदामाचेच काम आहे. रस्त्यावरच्या खांबावरून एक बारीक तार घरात येते, भिंतीवरच्या छोट्या पेटीत शिरते आणि तिथून माझ्या पाठीत. पुढचे सगळे माझ्या अंगावर. सुनेचा संगणक, दोघांचे फोन, बैठकीतला टीव्ही, प्रत्येकाला मी एक वेगळा क्रमांक देतो. बाहेरच्या जगाला मात्र आमचे अख्खे घर एकाच पत्त्याने ठाऊक असते. सुनेने धडा मागवला, सासऱ्यांनी बातम्या मागवल्या, की मी मनात नोंद ठेवतो. उत्तर येते तेही अखंड येत नाही, बारीक बारीक तुकड्यांनी येते. कोणता तुकडा कुणाचा हे पाहून मी ज्याचा त्याला देतो, आणि फोन किंवा संगणक ते तुकडे जुळवून घेतो. धड्याचा तुकडा बातम्यांत आणि बातम्यांचा धड्यात, असा घोळ मी कधी घातला नाही. कुणी न मागवलेले काही दारात येऊन उभे राहिले, तर त्याला आल्या पावली परत पाठवतो.

आत हे वाटप चालते ते बिनतारी लहरींवर. माझ्याकडे त्या दोन प्रकारच्या आहेत. एक लांबवर जाते पण सावकाश चालते. दुसरी भारी वेगाची, पण दोन भिंती आडव्या आल्या की दमते. लोखंडापुढे मात्र दोघींचेही काही चालत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

सासऱ्यांना चिठ्ठ्या लावायची सवय. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली तरी घरातल्या प्रत्येक बटणाखाली 'पंखा', 'दिवा', 'गीझर' असे लिहिलेले आहे. साखरेच्या डब्यावर 'साखर' आहे, डबा काचेचा असूनही. तर या गृहस्थांनी माझा पासवर्ड ठसठशीत अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिला आणि माझ्या डोक्यावर टांगला. मी बसायचो खिडकीत. खिडकी उघडते जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये. पॅसेजच्या पलीकडे शेजारी. आठवडाभरात त्यांचे तीन फोन आणि एक टीव्ही माझ्या दारात रांगेला उभे. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे! पासवर्ड बरोबर असेल तर मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी वाटत राहिलो. घरातले चित्र अडकू लागले आणि शिव्या मला.

एके दिवशी शेजारीणबाई जिन्यात भेटल्या आणि मोकळेपणाने म्हणाल्या, "काका, तुमचं नेट फार छान चालतं हो!"

काका तापले. चोरी झाली की स्टोअरकीपर काय करतो? माल कुलपात टाकतो. पासवर्ड बदलायला पाच मिनिटे लागली असती. त्यांनी तो पुठ्ठा तेवढा फाडला, आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या पाठीला बशीएवढे भोक पाडून घेतले, त्यातून माझ्या वायरी ओढल्या आणि मला गरम कपड्यांच्या ढिगावर बसवून दार लावले. कुलूप लागले, किल्ली खिशात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही!

सून म्हणाली, "बाबा, लोखंडातून सिग्नल येत नाही. माझ्या मुलांना माझे हात दिसायला हवेत. आवाज तुटला तर माणूस अंदाज तरी करतो, हात अडकला तर काहीच कळत नाही."

"येतो, येतो. मला नको शिकवू. बत्तीस वर्षांत गोदामातून एक खिळा गेला नाही."

मी आत भाजत होतो. वारा नाही, खाली लोकर, वर लोकर. यंत्र तापले की मंदावते, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. पण ऐकतो कोण?

आणि मग तो सोमवार आला. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका मोठ्या शाळेत सुनेला कायमची नोकरी मिळणार होती, पण आधी पडद्यावरून एक तास घेऊन दाखवायचा होता. सकाळी दहा वाजता. तीन वर्षे ती या संधीची वाट पाहत होती. आदल्या दिवशी तिने सासऱ्यांना सांगितले, "बाबा, उद्या तेवढं कपाट उघडं ठेवा." ते म्हणाले, "ठेवतो. त्यात काय!" आणि सकाळी खरोखरच त्यांनी दार सताड उघडले. मी मोकळा श्वास घेतला. साडेनऊला त्यांनी चप्पल घातली, कपाटातून रुमाल काढला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने दार लोटून कुलूप लावले. त्यांच्या लक्षातही आले नाही. किल्ली खिशात टाकून ते न्हाव्याकडे गेले. फोन टेबलावरच राहिला.

दहा वाजता पडद्यावर सहा मुले आणि शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्या बाईंनाही ऐकू येत नाही. सुनेने हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. मी धडपडत होतो हो! एकेक तुकडा फटीतून बाहेर ढकलत होतो, दहातले आठ लोखंडावर आपटून परत येत होते. तिने संगणक उचलून कपाटापाशी आणला. दारावर मुठी मारल्या. फोनच्या नेटला या घरात सिग्नलची एक दांडीसुद्धा धड येत नाही. पलीकडून अक्षरे आली: 'तुमचे हात दिसत नाहीत. मुले कंटाळली आहेत. आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावतो.' पडदा काळा झाला तेव्हा ती कपाटाला टेकून खाली बसली होती.

सासरे आले, दाढी गुळगुळीत. "अडकलं का? तरी मी म्हणत होतो, तो डबा भंगारात काढा!"

दुसऱ्या दिवशी सुनेने दुरुस्तीवालीला बोलावले. ती कामसू मुलगी आली, हातातल्या फोनवर घरभर सिग्नल मोजत फिरली, मग पॅसेजमध्ये जाऊन हसतच परत आली.

"याला तुरुंगात कुणी टाकलं?"

तिने कपाटाच्या दारावर टिचकी मारली.

"कपाटाचं भोक कुठल्या बाजूला आहे बघा. शेजाऱ्यांच्या! त्यांच्या दारात तीन दांड्या आणि तुमच्या घरात एक. पासवर्डही जुनाच आहे. राउटर ठणठणीत आहे काका, अजून काही वर्षं काढेल."

पाच मिनिटांत पासवर्ड बदलला. मला मधल्या खोलीत उंच फळीवर, मोकळ्यावर बसवले. हेच मी मागत होतो. मला उंच ठेवा, घराच्या मध्यावर ठेवा, लोखंडापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवा. माझ्यावर विणलेले रुमाल घालू नका. आठवड्यातून एकदा धूळ पुसा. पासवर्ड भिंतीवर टांगू नका. यात अवघड काय आहे?

त्या संध्याकाळी सासरे सुनेच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ चष्मा पुसत होते.

"कुलूप मी लावलं. चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग, बाबा?" तिचा आवाज चढला. या घरात तो पहिल्यांदाच चढला. "त्या बाईंना वाटतंय मी तयारीच केली नव्हती. त्यांना सांगा. आणि त्यांना ऐकू येत नाही, हातांनी सांगावं लागेल."

ते आढेवेढे घेतील असे मला वाटले होते. घेतले नाहीत. दोन दिवस ते स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून शिकले. गाठाळलेली बोटे, एक खूण धड होत नव्हती. शुक्रवारी सकाळी दहाला मुख्याध्यापिका पडद्यावर आल्या. म्हाताऱ्याने हात वर केले. कुलूप. मी लावलं. तिची चूक नाही. मी एकही तुकडा सांडू दिला नाही. त्यांच्या बोटांची प्रत्येक गाठसुद्धा तिकडे जशीच्या तशी पोचली.

बाईंनी शांतपणे पाहिले आणि उत्तर दिले. सुनेने ते सासऱ्यांना बोलून सांगितले, एक शब्दही गोड न करता: "त्या म्हणतात, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण जागा काल भरली. त्याआधी सांगितलं असतंत तर दुसऱ्यांदा तास घेऊ दिला असता."

मित्रांनो, यंत्राला दोष द्यायला कुणाला वेळ लागत नाही, तो दहा सेकंदांत देऊन होतो. आपली चूक कबूल करायला मात्र या घरात चार दिवस लागले. तुम्ही एवढा वेळ लावू नका.